तगादा आणि विचारपूस

दिवाळी आटोपते, हलका धान कापून होतो, बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहतात, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावात भर दुपारी मोटरसायकल शिरते. मागे कॅरिअरला रेक्झिनची पिशवी, पिशवीत लांबट वही. ओसरीवर बसलेला माणूस ती गाडी दुरूनच ओळखतो आणि आत सांगतो, "सेठ येऊन राहिला, घरी नाही म्हणून सांग." पोर बाहेर येऊन निरोप देतं. सेठ तो निरोप खरा मानल्यासारखं करतो, पाणी पितो, "आले की सांग, येऊन गेलो म्हणून" असं म्हणतो आणि पुढच्या घराकडे वळतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. दोघांनाही आपापला पाठ तोंडपाठ असतो.

विक्री झाल्यावर दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या दारी जाणं म्हणजे आमच्याकडे हे एवढंच. त्याला तगादा म्हणतात. या पुस्तिकेचा विषय दुसरा आहे. विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर तिचं काय झालं, ती कामाला आली की कोपऱ्यात पडली, हे दुकानदाराने आपणहून विचारावं, असं लेखकाचं म्हणणं आहे. शहरातली पोरं याला फॉलोअप म्हणतात. मला विचारपूस हाच शब्द जवळचा वाटतो. आजारी माणसाची, बाळंतिणीची, कोणाच्या घरी माती झाली असेल तर त्या घराची आपण विचारपूस करतो. विकलेल्या फवारणी पंपाची करायला हरकत नसावी.

लेखक स्वतः कृषी केंद्र चालवतात, आणि त्यांनी हे आपल्यासारख्याच दुकानदारांसाठी लिहिलं आहे. प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आले तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. व्यापारावरची पुस्तकं मला फारशी सोसत नाहीत. बहुतेकांत अमेरिकेतल्या कोणा मोटारविक्याची गोष्ट असते, जो दर महिन्याला आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शुभेच्छापत्र धाडायचा. पण या हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर रोवणी, करपा आणि धानाचे चुकारे असे शब्द दिसले, तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्या गल्ल्यावर बसून लिहितो आहे. शिवाय या विषयाशी माझं एक जुनं देणं आहे. ते पुढे सांगतो.

आधी इथला पैसा कसा फिरतो ते सांगायला हवं, कारण त्यावाचून ही पुस्तिका पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायची नाही. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके आठ, आणि आठही तालुक्यांत पीक मुख्यतः एकच, धान. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणी, दसरा-दिवाळीला हलका धान हाती येतो, भारी धान आणखी महिनाभराने. इटियाडोहचं नाही तर बाघ प्रकल्पाचं पाणी मिळालं तर उन्हाळी धान. म्हणजे घरात पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. आणि दुकानातून माल निघतो बारा महिने. धान विकला तरी पैसा लगेच हातात पडत नाही. आधारभूत केंद्रावर 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा भाव क्विंटलला 2369 रुपये जाहीर झाला. पण भाव जाहीर होणं, मोजणी होणं आणि चुकारे खात्यात जमा होणं या तीन निराळ्या तारखा असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर शेतकऱ्याइतकंच दुकानदारालाही पाठ असतं. "चुकारे आले का?" हा प्रश्न थंडीच्या दिवसांत आमच्याकडे "जेवण झालं का?"च्या चालीवर विचारला जातो.

सगळा व्यवहार या अंतरावर उभा आहे. जूनमध्ये नेलेलं बियाणं, जुलैतलं खत, ऑगस्टमधलं औषध, मधल्या काळात पोरीच्या लग्नासाठी उचललेली आलमारी, हे सगळं एका वहीत, एका नावाखाली, धान निघेपर्यंत. उधारी हा इथे व्यापाराचा रोग नाही, तेच त्याचं अंग आहे. रोखीने विकायचं ठरवलं तर मृगात दुकान उघडायचं कारणच उरणार नाही.

आता ते देणं.

माझे वडील आमगावला छोटं दुकान चालवत. बियाणं, खत, फवारणी पंप, फावडी-कुदळी, दोर, बादल्या. उधारीची वही लाल कापडात बांधलेली. दिवाळीनंतर ते सायकलने गावं करत आणि सुटीत मी मागे कॅरिअरवर बसून जात असे. एका गावी एक शेतकरी होते, त्यांना मी मामाजी म्हणत असे. ते दर आठवडी बाजाराला दुकानात येत, पोतं टेकवून बसत, विडी ओढत. एका वर्षी त्यांनी पंप नेला, पितळी टाकीचा. निम्मे पैसे दिले, निम्मे बाकी. त्यानंतर ते येईनासे झाले. वडिलांनी दोन-तीनदा निरोप धाडला, एकदा जाऊनही आले. मामाजी घरी नव्हते, म्हणजे होते. वडिलांनी मनाशी ठरवून टाकलं की माणूस बुडवणारा निघाला. बाकी मोठी नव्हती, दीडशे रुपये. त्या दिवसांत अगदीच कमीही नव्हती.

दोन वर्षांनी एका मंडईत ते समोरासमोर आले. बाहेरच्यांसाठी सांगतो, मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, जिला लेकीबाळी माहेरी येतात, दंडार होते, रात्री नाटक होतं. गर्दीत चुकवायला जागा नव्हती. वडील म्हणाले, "काहून जी, येणं सोडलंच तुम्ही?" मामाजी थोडा वेळ खाली बघत राहिले, मग म्हणाले, "कोनत्या तोंडानं येऊ? पैसे तुमचे बाकी, अन् वरून पंप गळते म्हनू?"

पंप पहिल्या दिवसापासून गळत होता. आतलं चामडी वॉशर वाळलेलं होतं, कोणत्याही दुकानात चार आण्यांत बदलून मिळालं असतं. मामाजींनी दोन हंगाम गळका पंप पाठीवर घेऊन फवारणी केली, अंगावर औषध सांडत. कारण ज्याचे पैसे देणं आहे त्याच्याकडे तक्रार घेऊन कसं जायचं?

वडील दुसऱ्याच दिवशी वॉशर घेऊन गेले. पण मला जे कळायचं ते त्या मंडईतच कळलं होतं, शब्द मात्र फार उशिरा सापडले. रोखीचं गिऱ्हाईक वस्तू बिघडली की त्याच संध्याकाळी दुकानात येऊन आरडाओरड करतं. उधारीचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. ते फक्त येईनासं होतं. आणि दुकानदार त्या न येण्याचा अर्थ वहीत बघून लावतो.

या पुस्तिकेत हे वाक्य असंच कुठे नाही, पण लेखक ज्या सूचना करतात त्यांतल्या चांगल्या सूचना याच गोष्टीवर उभ्या आहेत. त्यांची पहिली सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते: विचारपुशीला जाताना वही घरी ठेवा. खिशातही नको. आणि गिऱ्हाइकाने स्वतःहून पैसे पुढे केले तर? लेखक म्हणतात, घ्या, पावती द्या. मी म्हणेन, त्या दिवशी तेही घेऊ नयेत. "दुकानात आणून द्या, चहा पिऊ" असं सांगावं. एकदा पैसे हातात घेतले की पुढच्या वेळी तुमची मोटरसायकल दिसताच पोर पुन्हा बाहेर येईल.

विचारायचं कधी, याबद्दल माझा लेखकाशी मतभेद आहे. ते विक्रीनंतर तिसऱ्या दिवशी फोन करायला सांगतात. पंखा, कुकर, मिक्सर यांना हे ठीक. पण बियाण्याची पिशवी नेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी काय विचारणार? त्याने ती अजून फोडलेलीही नसेल. तो पावसाची वाट बघत बसला असेल. प्रत्येक वस्तूचं स्वतःचं एक पंचांग असतं आणि फोन त्यावर बेतावा लागतो. धानाचंच बघा. बियाणं भिजवून पऱ्ह्यात टाकलं की चार-सहा दिवसांत कोंब दिसायला हवेत. म्हणजे पहिली चौकशी पऱ्हे टाकल्यापासून आठ दिवसांच्या आत. उगवण कमी असेल तर दुसरं बियाणं टाकायला तेव्हाच वेळ असतो. दुसरी चौकशी रोवणीनंतर तीन आठवड्यांनी, गादमाशी आणि खोडकिडा डोकं वर काढतात तेव्हा. तिसरी धान निसवताना, कारण मावा-तुडतुडा त्याच सुमाराला बुंध्याशी जमतो आणि बांधावर उभ्या माणसाला वरून काही दिसत नाही. या तीन वेळा सोडून केलेला फोन म्हणजे गप्पा. गप्पाही वाईट नसतात म्हणा.

काही विचारपूस विक्रीच्या आधीच उरकता येते, हे मात्र लेखकाने फार छान मांडलं आहे. पिशवी देतानाच सांगायचं: पेरण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि कोंब मोजा, प्रमाणित धानाच्या बियाण्याची उगवण निदान 80 टक्के असायला हवी. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं बुडवा, वर तरंगेल ते काढून टाका, उरलेलं साध्या पाण्याने दोनदा धुवा. हे न सांगता पिशवी दिली तर जुलैमध्ये "तुमचं बी तरंगलं" म्हणून जो माणूस येईल त्याला उत्तर देणं जड जातं. आणि पिशवी, तिचा टॅग व पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवायला सांगायचं. हे सांगताना पुष्कळ दुकानदारांची जीभ अडखळते, कारण उद्या तक्रार झालीच तर हेच कागद आपल्याविरुद्ध जातील अशी भीती असते. लेखकाला ही भीती ठाऊक आहे. ते तिला हसत नाहीत, पण तिच्यापुढे झुकतही नाहीत.

कायदा आता तसा स्पष्ट आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगून टाकलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. आणि पुढे तपासणी करता यावी म्हणून त्याने पेरायच्या बियाण्यातला वाटा बाजूला काढून ठेवावा, ही अपेक्षा चालणार नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला, त्यात पावती न देणं ही अनुचित प्रथा ठरली. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच आलं. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी गल्ल्यामागे लावून बसलेल्यांनी त्या पाटीकडे एकदा या नजरेने बघावं. त्या पाटीशेजारी बहुधा दुसरी एक तसबीर असते, ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे वगैरे सांगणारी, खाली गांधीजींचं नाव. गांधीजींच्या लेखनात ते वाक्य सापडत नाही. 1940 च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारधंद्यातल्या एका अधिकाऱ्याच्या नावावर जवळपास तसंच बोलणं छापलेलं आहे. दोन्ही पाट्या एकाच भिंतीवर, एकाच खिळ्याच्या अंतरावर, वर्षानुवर्षं सुखाने नांदतात, हे काही मला अजून उलगडलेलं नाही.

औषधांच्या बाबतीत विचारपूस ही सौजन्याची गोष्ट राहत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे कपाशी, इथे धान. पण पंप तसाच पाठीवर, उन्हाळून आलेला भादवा तसाच, आणि फवारणारा माणूस बहुधा रोजीने आलेला. औषध नेतो मालक, त्याला डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग दुकानात दाखवता येतो, लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अंगावर घेतो मजूर, आणि तो दुकानात कधी आलेलाच नसतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या फोनवर पहिला प्रश्न "पीक कसं आहे?" हा असू नये. "फवारलं कोणी? त्याला बरं आहे ना?" हा असावा. हैदराबादच्या मॅनेज या संस्थेने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 2003 पासून देसी नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. 48 आठवड्यांचा, वर्ग आठवड्यातून एकदा, दुकान बंद असेल त्या दिवशी. तो केलेले दुकानदार मी पाहिले आहेत. माल विकण्याची त्यांची पद्धत फार बदलली असं नाही, पण गिऱ्हाइकाने रोगट पान आणून गल्ल्यावर ठेवलं की ते आता आधी पान उलटून बघतात, मागच्या फळीवरच्या बाटलीकडे हात नंतर जातो.

वस्तू विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, ही गोष्ट औषधापुरती नाही. शेगडी नेतो नवरा, तिच्यापुढे बसते बायको. शिलाई मशीन सासरा आणतो, चालवते सून. दुकानदाराच्या फोनमध्ये नंबर असतो तो नवऱ्याचा आणि सासऱ्याचा. त्यांना विचाराल तर "चांगलं आहे" असंच ऐकाल, कारण त्यांनी ती वस्तू घरात ठेवल्यानंतर तिला हातही लावलेला नसतो. लेखकाने यावर दीड पान लिहिलं आहे, मी आणखी चार वाचली असती. शिलाई मशीनवरून आठवलं. सिंगर कंपनीने 1856 मध्येच अमेरिकेत मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली आणि पुढे हिंदुस्थानातही तिची मशिनं हप्त्यांवर घरोघरी पोचली. हप्ता मागायला येणारा माणूस ठराविक दिवशी दारात उभा राहणारच, तर त्याने मशीनही बघावं, टाका सुटत असेल तर ठीक करून द्यावं, असा तो मेळ होता. मी वर तगादा आणि विचारपूस वेगळी ठेवा असं म्हणालो, आणि इथे दोन्ही एकाच माणसाच्या पिशवीत होती. मग फरक काय? फरक असा की हप्त्याची रक्कम आणि दिवस आधीच बांधलेला होता. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमच्या उधारीला तारीख नसते. "धान निघाल्यावर" ही तारीख नव्हे. ज्या देण्याला तारीख नाही ते माणसाला रोजच टोचतं.

मराठी माणसाने हा धडा बाहेरून शिकावा असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 मध्ये कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचं लहानसं पत्र काढलं. कारखान्याच्या मालाची, कामाची, माणसांची माहिती बाहेर पोचवणारं घरगुती पत्र. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढत गेलं, नावातली खबर गळाली, आणि मराठी मध्यमवर्गाने तीनचार पिढ्या वाचलेलं 'किर्लोस्कर' मासिक त्यातून उभं राहिलं. मागोमाग 'स्त्री' आणि 'मनोहर'. नांगर घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांशी बोलत राहण्याच्या खटपटीतून एवढं वाङ्मय निघालं. गोंदियाच्या कृषी केंद्रांतून मासिकं निघावीत असं मी सुचवत नाही. नांगर विकून झाल्यावरही सांगण्यासारखं बरंच उरतं, एवढं त्यांना कळलं होतं.

त्याच्या उलट गोष्ट आमच्या शेजारची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव. तिथले दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या पटेल-3 धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, खायला चवदार तांदूळ उभा केला. शेतकऱ्यांनी बी नेलं, व्यापाऱ्यांनी धान नेला आणि तेव्हा घड्याळांमुळे घराघरांत माहीत असलेलं नाव त्याला चिकटलं: एचएमटी. या धानाची ना जाहिरात झाली, ना कोणी विक्रेता गावोगाव फिरला. "तुमच्याकडे कसा आला?" हे एका बांधीने दुसऱ्या बांधीला विचारलं आणि त्यावर तो झाडीपट्टीभर पसरला, पुढे राज्याबाहेरही गेला. पुरस्कार झाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कार झाला. पण बियाण्यातून पैसा झाला तो इतरांचा. दादाजी 3 जून 2018 रोजी गेले तेव्हा हलाखी संपलेली नव्हती. ही गोष्ट व्यापारावरच्या पुस्तकात कोणी घालत नाही. मला ती इथे घालावीशी वाटली, कारण आमच्या भागात वस्तूची कीर्ती कोणत्या रस्त्याने जाते ते तिच्यात दिसतं. दुकानदार विचारो न विचारो, शेजारचा बांधीवाला विचारणारच आहे. प्रश्न एवढाच, की ते उत्तर दुकानदाराच्या कानावर पडतं की नाही.

गोंदिया शहराचं थोडं निराळं आहे. हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. बालाघाटकडची, डोंगरगड-राजनांदगावकडची आणि वडसा-नागभीडकडची गाडी इथे लागते, त्यामुळे बाजारात उभ्या दहा गिऱ्हाइकांपैकी काही दुसऱ्या राज्यातली असतात. गल्ल्यावर हिंदी चालते, ओळख पटली की पोवारी, गावाकडची असतील तर झाडी. सकाळच्या गाडीने आलेला बालाघाटचा माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याच्या ओसरीवर जाऊन बसणं होत नाही. इथे फोनच उपयोगाचा, आणि तो गिऱ्हाइकाच्या घरच्या बोलीत करावा, हे लेखकाचं म्हणणं मला पटतं. एकच वाक्य पोवारीत बोललं तरी पलीकडचा माणूस "चांगलं आहे"च्या पुढे दोन शब्द जास्त बोलतो.

फोनने आता सोय केली आहे, तशीच कीडही लावली आहे. दुकानांनी गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅप गट केले आणि त्यांत रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार पडतात. हे विचारपूस नव्हे, याला आमच्याकडे डोकं उठवणं म्हणतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नंबर ज्या कामासाठी घेतला त्यासाठीच वापरावा, संमती घ्यावी, असं म्हटलं आहे. पण कायद्याच्या आधी साधा विवेक पुरे. पंपाची पावती करताना घेतलेल्या नंबरावर आलमारीची जाहिरात धाडू नये. आणखी एक गंमत लेखकाने नोंदली आहे, आणि ती अगदी खरी आहे. मोठ्या कंपन्यांची वस्तू बसवताना ग्राहकाचा नंबर मागतात, तिथे घाईत दुकानदार स्वतःचाच नंबर देऊन मोकळा होतो. मग कंपनीची बाई गोड आवाजात "आपण समाधानी आहात का?" असं दुकानदारालाच विचारते, आणि तो गल्ल्यावर बसून पाचपैकी पाच देतो. वर बसलेल्या साहेबांना वाटतं, सालेकसा तालुका फार समाधानी आहे.

पुस्तिकेचा शेवटचा भाग, नोंद कशी ठेवावी याचा, मी भरभर वाचला. तक्ते आहेत, रकाने आहेत, संगणकावर कसं करावं तेही आहे. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी घ्यावं. मला त्यात एक उणीव वाटली: रकान्यात मावत नाही ते कुठे लिहायचं, याची जागा नाही. माणसं रकान्यात मावेल असं क्वचित बोलतात.

वडील गेल्यावर दुकान आवरताना ती लाल कापडातली वही माझ्याकडे आली. जुन्या पानांवर नुसती नावं आणि रकमा आहेत. मंडईच्या त्या वर्षानंतरच्या पानांवर मात्र समासात बारीक पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं दिसतं. "कुदळीचा दांडा ढिला." "बादलीला कडी नाही, देणे." "दोर छान, शेजाऱ्यालाही पाहिजे." "खत उशिरा पोचलं, रागावले." एका ठिकाणी नुसतंच "मुलगी आजारी, काही विचारलं नाही."

मामाजींचं पान शेवटी शेवटी आहे. दीडशेची बाकी तीन वेळा थोडीथोडी करून फिटलेली, खाली आडवी रेघ. रेघेच्याही खाली, बऱ्याच नंतरची तारीख घालून, वडिलांनी लिहिलं आहे: "पंप चालतो. चहा घेतला. पऱ्हे चांगले." पुढचा रकमेचा रकाना कोरा आहे.